केसपेपरचा नंबर

परवा ऑफिसात टीममधली एक मुलगी लॅपटॉप उचलून माझ्या जागेवर आली. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालंय तिला. तिच्या मामांचं फर्निचरचं दुकान आहे, आणि तिथल्या गिऱ्हाइकांची यादी ती शनिवार-रविवार बसून अ‍ॅक्सेसमध्ये चढवतेय. प्रश्न साधाच होता. "दादा, ग्राहक क्रमांक असा हवाय, आधी गावाचं अक्षर, मग वर्ष, मग चार आकडी नंबर. असा फॉरमॅट देता येतो का?"

"येतो की," मी म्हटलं, "पण देऊ नकोस."

"का?"

या 'का'चं उत्तर जेवणाच्या सुट्टीत द्यायला बसलो, डबा गार झाला, आणि तरी निम्मंच सांगून झालं. उरलेलं या वीकांताला इथे लिहून टाकतोय. अ‍ॅक्सेस म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. १९९२ साली आलेलं हे सॉफ्टवेअर आजही विकलं जातं आणि कुठल्या तरी दुकानाच्या, दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गुमान चालत असतं. शिवाय मी जी चूक सांगणार आहे, ती ओरॅकलमध्येही तितक्याच सहज करता येते.

तर, २००७ सालची गोष्ट. तेव्हा मी सेंट्रल लाइनवरच्या एका उपनगरात राहायचो. घराजवळ एक धर्मादाय दवाखाना होता. दहा रुपयांत केसपेपर, औषधं तिथल्या तिथे. काउंटरवर दोन मावशी, आत डॉक्टर, आणि मागच्या भिंतीला लोखंडी कपाटांत रचलेले सगळे केसपेपर. कुणीतरी दवाखान्याला दोन जुने कॉम्प्युटर दिले होते. "तुम्ही सॉफ्टवेअरवाले ना?" या एका प्रश्नावर मी अडकलो. (हा प्रश्न लग्नकार्यातही येतो, पण तिथून पंगतीकडे पळता येतं.)

काम आवडीचं होतं. पेशंटला नंबर कसा द्यायचा यावर मी एक अख्खा रविवार घालवला आणि फार हुशारीनं एक नंबर रचला: पू/०७/००४२. 'पू' म्हणजे स्टेशनच्या पूर्वेला राहणारा पेशंट, 'प' म्हणजे पश्चिमेचा. पुढे वर्ष. त्यापुढे त्या वर्षातला अनुक्रमांक, दर जानेवारीला पुन्हा एकपासून. कपाटंही त्याच हिशोबानं लावली, पूर्व डावीकडे, पश्चिम उजवीकडे. नंबर ऐकला की मावशींचा हात बरोबर त्या कपाटाकडे जायचा. डॉक्टर खूश, ट्रस्टी खूश. मी तर इतका खूश की तो अख्खा मजकूर, तिरक्या रेघांसकट, टेबलाची प्रायमरी की करून टाकला.

पहिला दणका दोन महिन्यांत बसला. पुढचा नंबर काढायला मी सगळे करतात तेच केलं होतं. डीमॅक्स फंक्शननं आतापर्यंतचा सर्वांत मोठा अनुक्रमांक शोधायचा आणि त्यात एक मिळवायचा. पण हे मी करत होतो नवीन नोंदीत पहिलं अक्षर टाइप झाल्याबरोबर. एका मावशींनी फॉर्म उघडून नाव लिहायला घेतलं, त्यांना १३१ दिसला. आजोबा पत्ता आठवेपर्यंत पाच मिनिटं गेली. तेवढ्यात शेजारच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या मावशींनी नवीन पेशंट घेतला, त्यांनाही १३१ च. कारण पहिला १३१ अजून टेबलात सेव्हच झालेला नव्हता. ज्यांनी नंतर सेव्ह केलं, त्यांच्या तोंडावर इंग्रजीतला चार ओळींचा मेसेज.

मावशींनी मला फोन केला नाही. रांग लागली होती, फोन कसला करतायत! त्यांनी नंबराच्या पुढे 'अ' लावला, पू/०७/०१३१अ, आणि गाडी पुढे गेली. मजकुराचाच रकाना तो, त्यानं 'अ' मुकाट घेतला. मी महिन्याभरानं बघितलं तेव्हा 'अ', 'ब' आणि एक 'नवीन' सापडला. मी मावशींवर चिडलो होतो हे इथे प्रामाणिकपणे सांगतो. आज वाटतं, त्या बिचाऱ्या माझा बग हातानं दुरुस्त करत होत्या.

दुसरा दणका पावत्यांचा. पावती नंबरही मी मजकूर म्हणूनच ठेवला होता, चार आकडी. वर्षअखेरीस ९९९९ नंबरची पावती फाटली, त्यानंतरची १००००, आणि मग गाडी तिथंच ठप्प. मजकुराच्या जगात तुलना डावीकडून एकेक अक्षर करत होते. '९' हा '१' पेक्षा मोठा, म्हणून '९९९९' हा '१००००' पेक्षा मोठा! कॉम्प्युटर दरवेळी इमानदारीत सांगत होता, सर्वांत मोठी पावती ९९९९, पुढची १००००. ती तर होऊन गेलेली. हे दोन्ही दणके तसे गमतीचे. मित्रांना सांगून हसायचे.

तिसरा गमतीचा नव्हता.

२००९ च्या पावसाळ्यात एक बाई आल्या. घसा सुजलेला, अंगात ताप. दोन वर्षांपूर्वी त्या पश्चिमेला राहायच्या, तेव्हाचा त्यांचा 'प' नंबर होता. मधल्या काळात त्यांनी पूर्वेला घर घेतलं. आता पत्ता बदलला की नंबरातलं अक्षर चुकीचं होणार, म्हणून अशा पेशंटला नवीन नंबर द्यायचा, असा नियम होता. नियम मीच कागदावर लिहून काउंटरवर चिकटवला होता. मावशींनी विचारलं, "कुठे राहता?" बाई म्हणाल्या, "पूर्वेला." झाला नवीन केसपेपर. कोरा.

जुना केसपेपर उजवीकडच्या कपाटात होता. त्याच्यावर डॉक्टरांनी लाल पेनानं लिहिलेलं होतं, पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी.

डॉक्टरांनी कोरा कागद बघितला आणि अमॉक्सिसिलीन लिहून दिलं, जे त्याच घराण्यातलं औषध. गोळ्या देणाऱ्या मावशी जुन्या होत्या. त्यांनी पुडी बांधता बांधता बाईंकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो ताई, मागं तुमच्याच अंगभर गांधी उठल्या होत्या ना? डोळे सुजून बंद झालेले?" पुडी परत घेतली. डॉक्टरांनी औषध बदललं. बाई घरी गेल्या. तसं बघितलं तर काहीच झालं नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. दोन्ही केसपेपर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि एवढंच विचारलं, "या बाईंनी घर बदललं. बाई बदलल्या का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डेटाबेसच्या पुस्तकात ते होतं, मी वाचलंही होतं, पण ते परीक्षेपुरतं. रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या कॉडनं १९७९ च्या लेखात हेच सांगितलं होतं. नोंदीची ओळख पटवायला एक असा अंक वापरा ज्याला स्वतःचा काही अर्थ नाही. अर्थ नसला की तो चुकीचा ठरायचा प्रश्नच येत नाही.

माझं मत एवढंच आहे: माणसाच्या आयुष्यात जी गोष्ट बदलू शकते, ती त्याच्या नंबरात घालू नये. पत्ता, आडनाव, खातं, शाखा, वर्ग, यातलं काहीच नाही. नंबर दिला की तो आपल्या हातातून सुटतो. अ‍ॅक्सेसमध्ये 'कॅस्केड अपडेट'ची खूण केली की एका टेबलातला बदल बाकीच्या टेबलांना पोचतो हे खरं. पण बाईंच्या पर्समधल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या कार्डाला तो पोचत नाही. कपाटातल्या कागदाला पोचत नाही, आणि मावशींच्या डोक्यातल्या आठवणीला तर नाहीच.

आजूबाजूला बघा, हीच चूक मोठमोठ्या लोकांनीही करून ठेवलीय. पॅनचंच घ्या. दहा अक्षरांतलं चौथं अक्षर सांगतं की धारक व्यक्ती आहे की कंपनी, आणि व्यक्ती असेल तर पाचवं अक्षर म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर. कल्पना छान! पण लग्नानंतर आडनाव बदललेल्या आपल्या कितीतरी मैत्रिणींच्या पॅनमध्ये माहेरचं अक्षर तसंच आहे. पॅन बदलत नाही, आणि तेच बरोबर आहे. म्हणजे पाचव्या अक्षराला आता अर्थ उरला नाही, फक्त अर्थाचा भास उरला.

गाडीचा नंबर घ्या. एमएच १२ म्हणजे पुणे, हे आपल्या इतकं अंगात मुरलंय की हायवेवर पुढची गाडी कशी चालवतात यावरून शेरे मारले जातात. पण बंगलोरला नोकरी लागली, गाडी घेऊन गेलात, बारा महिन्यांहून जास्त तिथं राहिलात की कायद्यानं नवीन नंबर घ्यायला हवा. गाडी तीच, मालक तोच, नंबरात राज्य घातलंय म्हणून सगळी कागदपत्रांची वणवण. शेवटी २०२१ मध्ये बदलीच्या नोकऱ्या करणाऱ्यांसाठी 'बीएच' मालिका आणावी लागली. तिच्यात राज्यच नाही.

मोबाइलचंही तेच. एके काळी नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी आणि सर्कल ओळखता यायचं. जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली आणि तो अर्थ गळून पडला. कुणाचं काही अडलं नाही. उलट सोय झाली.

आता उलटं उदाहरण. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आधारबद्दल वाद पुष्कळ आहेत, त्यात आज शिरत नाही. पण नंबराची रचना बघण्यासारखी आहे. बारा आकडे, त्यांत राज्य नाही, जन्मसाल नाही, स्त्री-पुरुष नाही. मुद्दाम ठेवलेलं नाही. त्यामुळे माणूस कुठेही गेला, काहीही झाला, तरी नंबर खोटा पडत नाही.

"मग पिनकोडचं काय?" असा प्रश्न मुलीनं लगेच विचारला (हुशार आहे). पिनकोडात तर अर्थच अर्थ आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांची ही पद्धत सुरू झाली. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून पत्रांची वर्गवारी करणारा जिल्हा. चाळीस ते चव्वेचाळीस म्हणजे महाराष्ट्र, त्यातलं ४०३ मात्र गोवा. आणि ही रचना आजही चालतेय. कारण उघड आहे, पोस्ट ऑफिस उठून दुसऱ्या गावाला राहायला जात नाही. शिवाय तो नंबर वाचून पत्र कुठे टाकायचं ते ठरवणं, हेच त्याचं काम. अर्थ घालायचाच तर अशा ठिकाणी घालावा.

बरं, मग दवाखान्यात मी शेवटी काय केलं? जे केलं ते मामांच्या दुकानालाही चालेल, म्हणून क्रमानं सांगतो.

टेबलाची प्रायमरी की साधा ऑटोनंबर. तो कुणालाच दाखवायचा नाही, ना फॉर्मवर ना छापील कागदावर. ऑटोनंबर टेबलं एकमेकांना जोडायला असतो, मोजायला नाही. नवीन नोंद सुरू करून एस्केप दाबलं तरी एक नंबर खर्ची पडतो. मी पहिल्यांदा तोच छापला होता, तर ट्रस्टचे खजिनदार रजिस्टर घेऊन आले, "त्रेचाळीस नंबरचा केसपेपर कुठाय? दहा रुपये कुणी घेतले?" दहा रुपये कुणीच घेतले नव्हते, मावशींनी एस्केप दाबलं होतं.

लोकांना दाखवायचा केसपेपर नंबर हा वेगळा रकाना, पूर्णांक. त्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे तोच नंबर दोनदा जाणारच नाही. तो काढायचा फॉर्मच्या 'बिफोर अपडेट'ला, म्हणजे नोंद सेव्ह होण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी, आणि फक्त नवीन नोंदीलाच. तरीही दोघींची टक्कर झालीच तर इंडेक्स एकीला अडवतो, आणि प्रोग्रॅमनं मुकाट्यानं पुढचा नंबर घेऊन पुन्हा प्रयत्न करायचा. मावशींना इंग्रजी मेसेज दिसता कामा नये.

पूर्व-पश्चिम हा स्वतंत्र रकाना. पहिल्या भेटीची तारीख हाही स्वतंत्र रकाना, वर्ष त्यातून निघतंच. घर बदललं की रकाना बदलायचा, नंबराला हात लावायचा नाही. कपाटं सरळ नंबरानं लावली.

आता फॉरमॅट. अ‍ॅक्सेसमधली फॉरमॅट प्रॉपर्टी फक्त दाखवते, साठवत नाही. चार शून्यांचा फॉरमॅट दिला की ४२ हा ००४२ दिसतो, पुढे अक्षर लिहून दिलं तर तेही दिसतं, पण टेबलात असतो ४२ च. पुष्कळांना हा दोष वाटतो. ते क्वेरीत अक्षरासकट नंबर शोधतात, सापडत नाही, मग चिडून सगळं मजकूर म्हणून साठवायला लागतात. माझ्या मते हीच या प्रॉपर्टीची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. साठवण वेगळी, सजावट वेगळी. उद्या चारच्या जागी पाच शून्यं हवी झाली तर एक ओळ बदला, एकाही नोंदीला धक्का नाही.

(एक्सेलबद्दल एक सावधगिरी. दुसऱ्या कुणी दिलेले नंबर, म्हणजे बँक खातं वगैरे, हे मात्र मजकूर म्हणूनच ठेवा. काही खाते क्रमांक शून्यानं सुरू होतात, एक्सेल ती शून्यं बिनदिक्कत खातं. आणि पंधरा आकड्यांच्या पुढचे आकडे तर शून्य करून टाकतं, सोळा आकडी कार्ड नंबराची वाट लागते.)

शेवटची भर मला सगळ्यात आवडती. नंबराच्या शेवटी एक तपासणीचा आकडा. आयबीएमच्या लूनची पद्धत आहे, १९६० चं पेटंट, बँक कार्डांवर आजही वापरतात. उजवीकडून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, दोन आकडी झाला तर नऊ वजा करायचे, सगळ्यांची बेरीज करायची, आणि ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जे लागेल तो आकडा शेवटी लावायचा. ०४२१ ला असा ८ येतो, म्हणून छापायचं ०४२१-८. घाईत कुणी ०४१२-८ टाइप केलं तर कॉम्प्युटर लगेच हटकतो, कारण ०४१२ ला ७ यायला हवा. शेजारच्या ० आणि ९ ची अदलाबदल तेवढी या पद्धतीला पकडता येत नाही. ते भोक व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाच्या १९६९ च्या पद्धतीत बुजलंय, आणि आधारचा शेवटचा आकडा तिच्यावरूनच निघतो. दवाखान्याला लून पुरला.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर मामा अडचणीत येतील. विक्रीच्या बिलाचा नंबर आपल्या मर्जीचा नाही. जीएसटीच्या नियमानुसार तो सलग क्रमानं हवा, आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि सोळा अक्षरांच्या आत हवा. तिथं वर्ष घालणं, एक एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू करणं हे रास्तच. बिल एकदा झालं की त्याची तारीख बदलत नाही ना. पण तिथंही वर्ष आणि अनुक्रमांक दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा, दोघांवर मिळून युनिक इंडेक्स लावा, आणि तिरकी रेघ छापताना घाला.

"पण दादा, नुसता नंबर किती रुक्ष वाटतो," मुलगी म्हणाली. "मामाला नंबर बघून गिऱ्हाईक कुठलं ते कळायला हवंय."

हा मुद्दा खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे आवक-जावक रजिस्टरच्या काळापासून नंबरात सगळी कुंडली मांडायची सवय आहे. तेव्हा शोधायला दुसरं साधनच नव्हतं, नंबर हीच अनुक्रमणिका होती. पण आता कॉम्प्युटर आहे. नंबराशेजारी गावाचं नाव ठळक छापा, वर्ष छापा, हवं तर रंग द्या. मामांना एका नजरेत सगळं कळेल. फक्त ते नंबराच्या पोटात कोंबू नका. आणि नंबरच सगळं सांगायला लागला की माणसं नावानं शोधायचं, समोरच्याकडे नीट बघायचं सोडून देतात. आमच्या काउंटरवर तेच झालं होतं. ओळख पटली ती नंबराकडे न बघणाऱ्या एका मावशींना.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं, वहीत दोन-तीन गोष्टी टिपल्या, आणि जाता जाता विचारलं, "त्या बाईंचं पुढे काय झालं?"

काही नाही झालं. मी नवीन पद्धतीचं कार्ड छापलं तेव्हा पहिलं त्यांचंच छापलं. वर नंबर, खाली नाव, आणि त्याखाली लाल अक्षरांत अ‍ॅलर्जी. पुढे त्यांनी पुन्हा घर बदललं असं ऐकलं. नंबर तोच राहिला.